सात वाजून दहा मिनिटांची हजेरी

हे खरं घडलेलं आहे. असं म्हणून पुढे थापा मारणारे पुष्कळ असतात, म्हणून मी तारखा आणि वेळा देते. तरीही पटलं नाही तर कामाच्या कोणत्याही दिवशी सकाळी सातच्या आधी आमच्या ऑफिसात या. चहा मी पाजते.

जागा, बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक खासगी विद्यापीठ. नाव देत नाही, कारण मी अजून तिथेच काम करते.

पहिली वेळ १३ जानेवारी २०२५, सोमवार. भोगीचा दिवस. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

पांढरी साडी, पैंजण, अमावस्या यातलं इथे काहीच नाही. ज्यांना तेच हवं असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

मी आस्थापना विभागात लिपिक आहे. अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने झाले की घरी बसायचं, नवा आदेश आला तर परत यायचं. सहा वर्षं हेच चाललंय. हजेरीचे तक्ते काढायचं काम माझ्याकडे.

तळमजल्याच्या व्हरांड्यात, जिन्याच्या बाजूला, भिंतीवर बोटाचा ठसा घेणारी मशीन आहे. ठसा जुळला की ती बाईच्या आवाजात म्हणते, "थँक यू." नाही जुळला तर, "प्लीज ट्राय अगेन."

मैनाबाई तायडे यांचा ठसा तिला कधी धड जुळला नाही.

मैनाबाई आमच्या इमारतीत झाडलोट करायच्या. एकोणीस वर्षं. फिनाईल, ॲसिड आणि धुण्याच्या सोड्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. बोटं पार गुळगुळीत. त्या पावणेसातला यायच्या, बोट लावायच्या, मशीन नाही म्हणायची. हात धुवायच्या, बोट केसांवर घासायच्या, पुन्हा लावायच्या. सात दहापर्यंत हा खेळ. सात दहाला मशीन उशिराची वेळ धरायची, मग त्या नाद सोडून झाडू उचलायच्या.

पूर्वी वहीत सही असायची तेव्हा त्यांची एकही गैरहजेरी नव्हती. मशीन आली आणि महिन्यातले निम्मे दिवस त्या गैरहजर दिसायला लागल्या. त्या मला सांगायच्या, मी म्हणायची, "मावशी, मी काय करू, मशीन आहे." दर महिन्याला तक्ता मीच काढायची. त्यावर सही माझी.

१८ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी पावणेनऊला मैनाबाई दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसल्या. दम लागला म्हणाल्या. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. झाडू मांडीवर होता.

त्या दिवशीही त्यांनी सात वेळा बोट लावून पाहिलं होतं. महिन्याच्या शेवटी मी तक्ता काढला, तेव्हा त्या तारखेसमोर लिहून आलं होतं... गैरहजर.

मी सही केली. हे मी लपवत नाही. हे लपवायचं असतं तर ही गोष्ट सांगायलाच बसले नसते.

आता तो भोगीचा दिवस.

मी लवकर गेले होते, कारण स्मृतिसभेची यादी करायची होती. आमच्याकडे एक चांगली पद्धत आहे. दर फेब्रुवारीत, वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, वर्षभरात विद्यापीठातले जे जे गेले त्यांची नावं अंगणातल्या कडुनिंबाखाली वाचतात. प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी, निवृत्त झालेलेही. झाडाला जुन्या छोट्या रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. एका नावाला एक ठोका. ठोका पडला की त्या माणसाच्या घरचे उभे राहतात आणि सगळी सभा त्यांच्याकडे तोंड करून उभी राहते. भाषण नाही, हार नाही. यादी जो करतो तोच वाचतो, हीही पद्धत.

शिपाई भगवंतराव दार उघडून दूध आणायला गेले होते. इमारतीत मी एकटी. कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत होते.

आणि व्हरांड्यातून आवाज आला...

"थँक यू."

मला वाटलं, कोणीतरी आलं. मी हाक मारली. उत्तर नाही. पावलांचा आवाज नाही. बाहेर येऊन पाहिलं.

व्हरांडा रिकामा होता.

फरशी मात्र ओली होती. जिन्यापासून दारापर्यंत, नुकतं पोछा मारल्यासारखी. फिनाईलचा वास येत होता. मैनाबाईंच्या जागी आलेली बाई आठला येते.

मी भुतंखेतं मानणाऱ्या घरातली नाही. पाल फिरली असेल म्हटलं. मग डोकं चाललं. पाल फिरली तर मशीन "ट्राय अगेन" म्हणेल. "थँक यू" कशाला म्हणेल?

मशीनची नोंद उघडली. सात वाजून दहा मिनिटं. क्रमांक ११८. नावाची जागा रिकामी.

११८ हा मैनाबाईंचा क्रमांक होता. डिसेंबरात मीच तो काढून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुट्टी. बुधवारी मी मुद्दाम पावणेसातला जाऊन मशीनसमोर उभी राहिले. भगवंतराव बाजूला. सात नऊ झाले. व्हरांड्यात आम्ही दोघंच. मशीनच्या काचेवर कोणाचं बोट नव्हतं, हे आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं.

सात दहा...

"थँक यू."

काचेवर वाफ धरल्यासारखा एक ठिपका उमटला. गोल, बोटाएवढा. त्यात एकही रेष नव्हती. दोन-तीन सेकंदांत तो विरून गेला.

भगवंतराव खाली बसले. दुधाची पिशवी त्यांच्या हातातून कधी सुटली ते त्यांनाही कळलं नाही.

त्याच आठवड्यात शकुन आली. मैनाबाईंची मुलगी, बडनेऱ्याला शिवणकाम करते. तिला मशीनचं काही माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. तिचं एकच काम होतं.

"ताई, सभेत मायचं नाव घ्यान ना? मले उभं राहाचं हाय. बाकी काई नोको मले."

मी म्हटलं, घेईन. त्यात काय विचारायचं.

उपकुलसचिव साहेबांपुढे यादी ठेवली. सहा नावं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि सहाव्या नावावर लाल पेनने रेघ मारली. त्या बाई विद्यापीठाच्या नव्हत्या, म्हणाले. साफसफाईच्या एजन्सीच्या होत्या. मी म्हटलं, सर, एकोणीस वर्षं, आणि गेल्याही इथेच, जिन्यात. ते म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी त्या कामावरच नव्हत्या. तुमच्याच तक्त्यात आहे. सही तुमची."

मग आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "तुमचा आदेश कधी संपतो?"

फेब्रुवारीअखेर. हे त्यांना पाठ होतं.

मी पाच नावांची यादी घेऊन बाहेर आले. हो, आले. शकुनला काय सांगायचं, याचाच विचार करत जागेवर जाऊन बसले.

मशीन रोज बोलत राहिली. सात दहा. थँक यू. आठवडाभरात सगळ्या ऑफिसला कळलं. लोक सातच्या आत यायचे बंद झाले. साहेबांनी मशीन बिघडली असा शेरा मारला आणि अकोल्याहून दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

नितेश त्याचं नाव. हुशार पोरगा. त्याने नोंदी पुसल्या, मशीन कोरी केली, सगळ्यांचे ठसे नव्याने घेतले. दुसऱ्या दिवशी सात दहाला पुन्हा तेच. शेवटी तो मशीन भिंतीवरून काढून खोक्यात घालून अकोल्याला घेऊन गेला. तिची वायर आमच्याच भिंतीला लोंबत राहिली.

२९ जानेवारी, बुधवार. मी व्हरांड्यात उभी होते. सात दहा झाले. भिंतीवर चार स्क्रू आणि एक चौकोनी डाग.

काही नाही.

सात अकरा झाले, सात बारा झाले... काही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. वाटलं, बाई एकोणीस वर्षं येत होती आणि आज आम्ही तिला दारातूनच परत पाठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. नितेशचा. आवाज बसलेला.

"मॅडम, मशीन टेबलावर पडेल हाय. वायर तुमच्याकडे, बॅटरी म्या काढून बाजूले ठेवेल हाय." मग म्हणाला, "आत्ता बोलली ते."

त्याच दुपारी तो मोटरसायकलला मशीन बांधून परत आला. चार स्क्रू पिळले, वायर लावली. दुकानाची फरशी सकाळपासून ओली आहे, एवढंच म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

त्या रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं. आई, इंदूबाई. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलेली बाई, तिच्याही बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने ताटातली भाकरी मोडत विचारलं, "तुले काई करून रायली काय ते?"

मी म्हटलं, नाही.

"मंग भेतं कायले? ते आपली हजेरी लावून रायली. तू लावत नव्हती ना."

मी घास खाली ठेवला. आई आपली जेवत होती. मला त्या क्षणी भुतापेक्षा माझ्या सहीची लाज वाटली. तिथेच ताटावर ठरवलं, आदेश येवो नाही तर न येवो, मी सहावं नाव वाचणार. दुसऱ्या दिवशी शकुनला निरोप धाडला, सभेला ये आणि पुढे बस.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळचे अकरा.

अंगणात तीनशेच्या वर माणसं. कडुनिंबाच्या पारावर माईक. रुळाच्या तुकड्याशी हातोडी घेऊन भगवंतराव. पहिल्या रांगेत साहेब, दुसऱ्या रांगेच्या टोकाला शकुन, इस्त्रीच्या निळ्या साडीत.

पहिलं नाव वाचलं. ठोका. एक म्हातारे प्राध्यापक होते, त्यांची बायको उभी राहिली. दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं नाव एका विद्यार्थिनीचं होतं, तिचे आईवडील उभे राहिले तेव्हा कित्येकांनी डोळे पुसले.

मग मी कागदावरून मान वर केली.

साहेबांना कळलं असावं. त्यांनी हाताने खूण केली, बस, संपवा. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. त्याच वेळी माईक खर्रकन बंद पडला. वीज गेली होती. सभागृहाचे पंखे, ऑफिसचे दिवे, सगळं बंद.

अंगणात शांतता.

आणि आतून, अंधाऱ्या व्हरांड्यातून, आवाज आला...

"प्लीज ट्राय अगेन."

तीनशे माणसांनी ऐकलं. माना वळल्या.

"प्लीज ट्राय अगेन."

वीज नसताना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी मनात मोजत होते. साहेब उठून उभे राहिले. पाच. सहा.

सात.

अठरा नोव्हेंबरला त्यांनी सातच वेळा बोट लावलं होतं. सात दहा झाल्यावर त्या नाद सोडून कामाला गेल्या होत्या. मला वाटलं, आता मी गप्प बसले तर आजही ही बाई झाडू उचलेल आणि निघून जाईल.

मी माईक बाजूला सारला आणि पोटातून ओरडून सांगितलं. "मैनाबाई तायडे. एकोणीस वर्षं या इमारतीत सेवा. अठरा नोव्हेंबरला कामावर हजर असताना निधन. गैरहजेरी मी लावली होती, ती चूक माझी."

साहेब म्हणाले, "मॅडम, खाली या."

मी म्हटलं, "ठोका, भगवंतराव."

भगवंतरावांनी साहेबांकडे पाहिलं नाही. हातोडी उचलली आणि असा ठोका दिला की झाडावरचे बगळे उडाले.

शकुन उभी राहिली. एकटी, ताठ. क्षणभर कोणी हललं नाही. मग मागच्या रांगेतल्या मुली उठल्या, वसतिगृहाच्या. मग माळी, मग प्राध्यापक. बघता बघता सगळी सभा तिच्याकडे तोंड करून उभी होती. साहेब आधीच उभे होते, त्यांना बसायचीही सोय राहिली नाही.

व्हरांड्यातून आवाज आला...

"थँक यू."

मला रडू फुटलं. वाटलं, संपलं. सुटली बाई.

पण ते संपलं नाही.

"थँक यू."

पुन्हा.

"थँक यू."

एकामागून एक, मध्ये एका श्वासाचं अंतर ठेवून. रांगेत उभं राहून कोणीतरी बोटं लावावीत तसं. भगवंतराव प्रत्येक आवाजाला एक ठोका देत गेले. कोणासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मैनाबाईंनंतर दहा आवाज झाले. दहा ठोके पडले. मग वीज आली आणि मशीन गप्प झाली.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अधिकृत यादीबाहेरचं नाव वाचल्याबद्दल. मी उत्तरासोबत मशीनच्या नोंदी जोडल्या; नितेशने पुसण्याआधीच्या मी रोज छापून ठेवल्या होत्या. लिहिलं की मशीन विद्यापीठाची आहे आणि तिच्या नोंदीनुसार ११८ क्रमांकाची कर्मचारी १३ जानेवारीपासून नियमित हजर आहे. मशीन खोटी म्हणायची असेल तर आपल्या सगळ्यांच्याच हजेऱ्या खोट्या ठरतात. आपण काय ते ठरवावं.

त्या पत्राला आजपर्यंत उत्तर नाही. माझा नवा आदेश मात्र आला. सातच्या आधी इमारतीत पाऊल टाकायला दुसरं कोणी तयार नव्हतं, हेही कारण असेल.

सभेनंतर ११८ क्रमांक पुन्हा कधी उमटला नाही. पण सात दहाला मशीन बोलायचीच. एकदा नाही, दहादा. नोंदीत क्रमांक नाही, नाव नाही, नुसत्या दहा रिकाम्या ओळी.

मी, शकुन आणि भगवंतराव शोधायला लागलो. विद्यापीठ सुरू झाल्यापासून किती जण असे गेले, ज्यांचं नाव कधी वाचलंच नाही? मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या गोदाबाई. खांबावर चिकटलेला वायरमन धर्मेंद्र. पहिली इमारत बांधताना पडलेला एक गवंडी, त्याचं नाव शोधायला शकुन बाळापूरपर्यंत जाऊन आली. नाव सापडलं की आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनसमोर उभं राहून ते मोठ्याने वाचायचो. भगवंतराव बाहेर ठोका द्यायचे. त्या दिवसापासून एक आवाज कमी.

दहाचे नऊ झाले. नऊचे आठ. असं करत करत सात महिन्यांत नऊ नावं सापडली.

आता सात दहाला एकच आवाज येतो.

हे दहावं नाव सापडत नाही. एजन्सीचे जुने कागद पाहिले, गावोगाव विचारलं, निवृत्त झालेल्यांच्या घरी गेलो. भगवंतराव पहिल्या दिवसापासून इथे आहेत, माणूस न माणूस त्यांच्या लक्षात आहे. परवा मी पुन्हा एकदा विचारलं तेव्हा त्यांनी बोटांवर नावं मोजली. मग म्हणाले, "ताई, नऊच गेले. दहावं कोणी मेलंच नाई अजून."

त्या वेळेला इमारतीत आम्ही तिघंच असतो. तिघंही कराराचे नाही तर रोजंदारीचे. आठला येणारी बाई काम सोडून गेली, म्हणून शकुनला मार्चपासून आईच्याच जागी घेतलंय. भगवंतराव निवृत्तीनंतर रोजंदारीवर येतात. आणि गेल्या आठवड्यात हजेरी लावताना मला दिसलं की माझ्या उजव्या हाताचं बोट मशीनला एका वेळेत जुळत नाही. तीनदा, चारदा लावावं लागतं. मी काही ॲसिडमध्ये हात घालत नाही.

भीती वाटते. वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण मी बोट लावायचं सोडलेलं नाही आणि सातच्या आत जायचंही सोडलेलं नाही.

शकुनला आणि नितेशला मी सांगून ठेवलंय, तुम्हालाही सांगते. मीच असेन तर पुढच्या फेब्रुवारीत कोणाची परवानगी विचारत बसू नका. माईक असो नसो, मोठ्याने वाचा.

ज्योत्स्ना मोतीराम इंगळे. रोज हजर होते.